पानं झडलेला चाफा

जानेवारीत सोलापुरात चाफा असाच दिसतो. अंगावर एक पान नाही, जाड राखाडी फांद्या आणि त्यांवर गळून गेलेल्या पानांचे वण. पाहणारा सहज म्हणून जातो, "हे वाळलंय, काढून टाका."

काढू नका. नखानं साल जराशी खरवडून बघा. आत हिरवं दिसेल आणि लगेच पांढरा चीक येईल. (हात धुवा, चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.) फांदी दाबली तर टणक लागेल. झाड जिवंत आहे.

पानगळीनंतर फुलांनी भरणारी अझेलिया फोटोत पाहून अनेकांना हवीशी वाटते. पण तिला आम्लधर्मी माती आणि कडक हिवाळा लागतो. आपली काळी माती अल्कधर्मी, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पार. इथे ती हौस लाल चाफा भागवतो. तो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. कोरडे महिने फांद्यांत साठवलेल्या पाण्यावर काढायचे, हा त्याचा स्वभावच. गोल टोकाच्या पानांचा पांढरा चाफा मात्र थंडीतही बरीच पानं धरून ठेवतो.

लावायला रोप विकत आणायलाच हवं असं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये हातभर फांदी कापा आणि आठवडाभर सावलीत पडू द्या. कापलेलं तोंड सुकलं, चीक थांबला की मगच लावा. ओल्या तोंडाची फांदी कुजते.

आपल्याकडे चाफा मरतो तो उन्हानं नव्हे, पाण्यानं. काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते. म्हणून मातीत मुरूम आणि वाळू मिसळा, जागा थोडी उंच करा. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात याहून समजूतदार फुलझाड मला तरी माहीत नाही. पानं नसताना त्याला पाणी जवळजवळ लागतच नाही. बुंधा मऊ, काळपट होऊ लागला तर पाणी ताबडतोब बंद करा.

पावसाळ्यात पानांच्या पाठीवर नारिंगी भुकटी दिसली, तर तो तांबेरा. तशी पानं वेचून दूर टाका.

आणि वास घ्यायचा तर रात्री. तेव्हा तो सगळ्यात दाट असतो. त्या वासानं निशाचर पतंग येतात, फुलात मध शोधतात. मध नसतोच, पण परागीभवन होऊन जातं.

फुलांचा गुच्छ फांदीच्या शेंड्यावर येतो आणि तिथूनच पुढे नव्या फांद्या फुटतात. थंडीत झाड "नीट दिसावं" म्हणून सगळे शेंडे छाटले, तर त्या फांद्यांचा पुढचा बहर गेला. तेव्हा माळीकाकांना आधीच सांगून ठेवा, याला कात्री लावायची नाही.