त्याचं सर्व्हिसिंग कोण करतं?

मंडळी, सायबॉर्ग, म्हणजे अंगात यंत्र बसवलेला माणूस, कथेत खलनायक म्हणून कसा लिहावा यावर बोलायचं ठरलं तेव्हा मला आधी माझी आई आठवली. तिला पेसमेकर होता. आम्ही ठरावीक महिन्यांनी तपासणीला जायचो. तिथला तंत्रज्ञ, पंचविशीतला मुलगा, तिच्या खांद्याखाली एक चकती धरायचा आणि समोरच्या स्क्रीनवर आकडे बदलायचा. "आजी, आता जरा धडधडेल हं," म्हणायचा, आणि खरंच धडधडायचं. एकदा बाहेर आल्यावर आई म्हणाली, "पोरगा गुणी आहे. पण बटण त्यानं दाबायचं आणि काळीज माझं पळायचं, हे काही मला सोसत नाही."

नवोदितांच्या कथांमध्ये मला जो सायबॉर्ग भेटतो तो बहुतेक वेळा असा असतो: एक डोळा लाल, हात पोलादी, आवाज घोगरा, आणि भावना शून्य. भावना का नाहीत? तर अंगात यंत्र आहे म्हणून. हे मला मुळीच मान्य नाही. यंत्र बसल्यावर माझी आई पुन्हा दोन जिने चढून शेजारणीकडे जाऊ लागली होती, तिची माया कुठेही आटली नव्हती. ज्याच्या पायाला जयपूर फूट आहे, ज्या मुलीच्या कानामागे ऐकू येण्यासाठी कॉक्लियरचं यंत्र आहे, तीही आपली वाचक माणसं आहेत. अंगातलं लोखंड म्हणजे दुष्टपणा असं समीकरण मांडलं की मंथरेच्या कुबडापासून चालत आलेला अन्यायच आपण पुढे चालवतो. कृपा करून तो चालवू नका.

मग भीती कशाची दाखवायची? इथे शब्दाचा जन्म पाहण्यासारखा आहे. 'सायबॉर्ग' हा शब्द १९६० साली मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन या दोन संशोधकांनी अंतराळप्रवासावरच्या एका लेखात घडवला. त्यांचा पहिला सायबॉर्ग कोण होता, तर कातडीखाली औषधाचा छोटा पंप बसवलेला एक पांढरा उंदीर! त्यांचं म्हणणं असं होतं की अंतराळवीर सतत स्वतःला जिवंत ठेवण्याची यंत्रंच तपासत बसला तर तो यंत्राचा गुलाम होईल. ती कामं शरीरात आपोआप होऊ द्या, म्हणजे माणूस शोध घ्यायला, विचार करायला मोकळा राहील. म्हणजे या कल्पनेच्या मुळाशी सुटका होती. तुमचा खलनायक तिथूनच सुरू करा. त्याला आधी सुटका मिळू द्या, खरीखुरी, वाचकाला हेवा वाटेल अशी. नंतर त्याला कळू द्या की सुटकेची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे.

हे कल्पनेतलं नाही. 'आर्गस-२' नावाचं एक यंत्र होतं. रेटिनायटिस पिगमेंटोसा म्हणून एक आजार असतो. रातांधळेपणानं सुरू होतो आणि हळूहळू सगळी नजर नेतो. अशा रुग्णांसाठी ते होतं. चष्म्यावर कॅमेरा, अंगावर बाळगायची प्रोसेसरची डबी, आणि डोळ्याच्या आत पडद्यावर बसवलेले ६० इलेक्ट्रोड. किंमत शस्त्रक्रिया सोडून सुमारे दीड लाख डॉलर. अमेरिकेत २०१३ साली त्याला परवानगी मिळाली. जगभरात साडेतीनशेहून जास्त माणसांच्या डोळ्यांत ते बसलं. पुढे ते बनवणाऱ्या कंपनीनं दुसऱ्या उत्पादनाकडे मोर्चा वळवला, २०२० साली तर ती बुडायला आली आणि बहुतेक कर्मचारी घरी गेले. डोळ्यात यंत्र आहे, पण बिघडलं तर दुरुस्त करणारा नाही, सुटा भाग मिळत नाही. यंत्र थांबणं म्हणजे काय, तर त्याआधीच एका बाईंचं यंत्र न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकात, जिना उतरायच्या बेतात असताना, बीप बीप करून थांबलं होतं आणि त्यांना पुन्हा अंधार आला. मी हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. अपघातानं गेलेले डोळे वेगळे. कंपनीनं पाठ फिरवल्यावर बिघडलेले डोळे कुणाच्या तरी ताळेबंदात बसेनात म्हणून गेले.

आता आपण याच्यातून एक माणूस उभा करू. त्याला माधव म्हणू. नाशिकला टीव्ही आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान, पस्तिशीत नजर जाऊ लागते. कुठल्या तरी चाचणीत त्याला यंत्राचा डोळा मिळतो आणि तीन वर्षांनी कंपनी गाशा गुंडाळते. माधव हार मानत नाही. तो बोटांनी चाचपून सांगतो, भाची सोल्डरिंग करते, आणि सहा महिन्यांनी त्याचा डोळा पुन्हा चालू होतो.

इथे लेखकानं घाई करू नये. त्याला दिसतं म्हणजे नेमकं काय दिसतं? ६० ठिपके. चेहरा नाही, रंग नाही. उजेडात दाराची चौकट, रस्त्यावरचा पांढरा पट्टा, कुणीतरी हललं एवढं. कॅमेरा चष्म्यावर आहे, त्यामुळे बुबुळ फिरवून उपयोग नसतो, अख्खी मान डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवावी लागते. म्हणून माधव बोलताना मान अशी फिरवतो. भेटायला येणाऱ्याला तो काळ्या पडद्यासमोर बसवतो, म्हणजे पांढरा सदरा उठून दिसतो. बघा, अंगावर काटा आणणाऱ्या दोन लकबी मिळाल्या, आणि दोन्ही त्याच्या गरजेतून आल्या. लाल दिवा लावावा लागला नाही. आणि त्याच्या नजरेतून लिहिताना "तिच्या डोळ्यांत भीती तरळली" असं वाक्य तुम्हाला लिहिता येणार नाही. त्याला भीती दिसतच नाही. ती त्याला आवाजावरून ओळखावी लागते, आणि कधी तरी तो चुकतो.

आपल्याकडे अडवणूक करणाऱ्याला झारीतला शुक्राचार्य म्हणतात. पण ती गोष्ट नीट आठवा. शुक्राचार्य झारीच्या तोटीत शिरले ते शिष्याला वाचवायला. वामनाला दान दिलं की बळीचं राज्य जाणार, हे त्यांना एकट्याला कळलं होतं. दर्भाची काडी डोळ्यात गेली, डोळा फुटला, आणि राज्य गेलंच. मला हा प्रसंग लहानपणापासून अस्वस्थ करत आला आहे. त्यांचं बरोबर होतं आणि ते आडवे आले होते, दोन्ही एकाच वेळी खरं. खलनायकाला असं काही द्या.

माधवकडे आता लोक येऊ लागतात. त्याच कंपनीचे डोळे असलेली, अंधारात पडलेली माणसं. तो फुकट दुरुस्ती करतो. चाळीस जण होतात. दुरुस्तीसाठी सगळ्यांची यंत्रं त्याच्या लॅपटॉपला जोडलेली असतात, कारण दर महिन्याला तपासणी हवीच. इथपर्यंत वाचक पूर्णपणे त्याच्या बाजूला हवा. मग त्यातले एक निवृत्त शिक्षक म्हणतात, माधवराव, हे परवान्याशिवाय चाललंय, उद्या कुणाच्या डोळ्याला इजा झाली तर? मी उद्या सकाळी कळवणार आहे. त्यांचंही चूक नाही. पण दुकान बंद झालं तर चाळीस जण आंधळे होतील. माधव रात्रभर हिशेब करतो, चाळीस विरुद्ध एक. हिशेबात चूक सापडत नाही. पहाटे तो भाचीला उठवतो आणि त्या शिक्षकांच्या यंत्राचा नंबर सांगतो.

प्रेमळ, कष्टाळू माधव त्या क्षणी ती कंपनी होतो. हाणामारी कितीही लिहा, तुमची कथा इथे उभी राहते किंवा पडते.

त्यानंतर मी असं लिहिलं आहे. सकाळी गुरुजी तक्रार द्यायला जाऊ शकत नाहीत. नातवाचा हात धरून ते सरळ दुकानात येतात. माधव त्यांना काळ्या पडद्यासमोर बसवतो, दहा मिनिटं काहीतरी खटपट केल्यासारखं करतो आणि डोळा चालू करतो. गुरुजी रडतात. संध्याकाळी पेढे घेऊन येतात, त्याच्या पाया पडतात. तो मान सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवतो, भाची कुठे उभी आहे ते शोधतो, आणि त्यातला एक पेढा तिच्या दिशेनं पुढे करतो. ती कितीतरी वेळ हात पुढे करत नाही, आणि त्याचा हात तसाच राहतो.