राइड कशी झाली?

(काळोख. सायकलच्या दिव्याचा गोल उजेड रस्त्यावरून सरकतो, वळतो, परत येतो. पुन्हा वळतो.)

रात्रीचे पावणेनऊ. मी घरापाशी पोचलोय, पण घरात गेलेलो नाही. दारासमोरच्या छोट्याशा गल्लीत चकरा मारतोय. ही तिसरी. हँडलवरच्या फोनवर आकडा आहे 49.7. पन्नास व्हायला तीनशे मीटर कमी पडतायत. पोटऱ्या भरून आल्यात, हातमोजे घामाने तळव्याला चिकटलेत, बाटलीतलं पाणी केव्हाच संपलंय. 49.8. गल्लीच्या टोकाला वळताना एक पाय टेकवावा लागतो, इतका वेग मंदावलाय. 49.9. आणि मग पन्नास. मी उतरतो, राइड सेव्ह करतो, आणि मगच कुलूप उघडतो.

त्या संध्याकाळचं आज मला काय आठवतं, तर या चकरा. अडीच तास सायकल चालवली होती. सूर्य कुठे मावळला, वारा कुठल्या अंगाने होता, वाटेत कोण भेटलं, काही सांगता येत नाही. शेवटची दोन मिनिटं मात्र लख्ख आठवतात. ते बाकीचे अडीच तास कुठे गेले, हे शोधायला मी ही फिल्म केली.

(जुन्या सायकलचं पुढचं चाक, अगदी जवळून. आसापाशी एक इवलीशी डबी.)

सायकलवाल्यांना आकड्यांचं वेड फोनमुळे लागलं असं म्हटलं, तर ते खोटं ठरेल. 1893 मध्ये पॅरिसच्या ट्रॅकवर आँरी देग्रांज यांनी एका तासात 35.325 किलोमीटर अंतर कापलं. 1972 मध्ये मेक्सिको सिटीत एडी मर्क्स यांनी त्याच एका तासात 49.431 किलोमीटर काढले. ते झाले शर्यतीतले लोक. पण साध्या सायकलस्वारालाही आपण किती गेलो ते कळायला हवंच होतं. 1895 मध्ये अमेरिकेत कर्टिस व्हीडर यांनी त्यासाठी सायक्लोमीटर काढला. चाकाच्या एका तारेला छोटी खुंटी बसवायची. चाकाचा एक फेरा झाला, की खुंटी डबीच्या दातेरी चक्राला टिचकी मारते आणि आतले आकडे पुढे सरकतात. टिक, टिक, टिक, दिवसभर.

ही डबी मला फार आवडते. ती खाली चाकापाशी असायची, डोळ्यांसमोर नाही. तिचा आकडा चालवणाऱ्याच्या पलीकडे कुणाला दिसायचा नाही. आणि कालच्यापेक्षा आज कमी झालं, असं ती कधी म्हणायची नाही. विचारल्यावर उत्तर द्यायचं, एवढंच तिचं काम होतं.

2009 मध्ये स्ट्राव्हा हे राइड नोंदवणारं अ‍ॅप आलं आणि रस्त्याचेच तुकडे पडले. तुकड्याला म्हणतात सेगमेंट. इथून त्या वळणापर्यंतचा चढ हा एक सेगमेंट, पुलापासून फाट्यापर्यंतचा सपाट रस्ता हा दुसरा. तिथून आजवर जे जे गेले आणि ज्यांनी राइड नोंदवली, त्या सगळ्यांची वेळेनुसार यादी लागते. पुरुषांत सर्वांत वर तो केओएम, म्हणजे 'किंग ऑफ द माउंटन', बायकांत क्यूओएम, म्हणजे 'क्वीन'. राइड संपवून आलं, की आपला नंबर कितवा ते समोर येतं. मित्र कुडोज, म्हणजे शाबासकी, देतात.

सुरुवातीला मला याने भरभरून आनंद दिला, आणि तो आनंद खरा होता, हे मी आधीच सांगून टाकतो. माझ्या नेहमीच्या रस्त्यावर एक चढ आहे. पहिल्यांदा तो चढायला मला चौदा मिनिटं लागली, वर पोचल्यावर सायकल आडवी टाकून मी रस्त्याच्या कडेला बसलो होतो. चार महिन्यांनी तोच चढ अकरा मिनिटं चाळीस सेकंदांत झाला. आपण बळकट होतोय हे रोजच्या रोज आपल्याला जाणवत नाही. आकड्याने ते दाखवलं. त्या दिवशी मी घरी आलो तो जवळजवळ नाचतच.

मग हळूहळू काहीतरी बिनसलं. कुठे बिनसलं, ते कळायला मला दोन वर्षं लागली.

(कागदावर पेन्सिलने मांडलेला हिशेब. हात लिहितोय.)

एक हिशेब बघा. दहा किलोमीटरचा चढ तुम्ही ताशी दहाच्या वेगाने चढलात. तोच रस्ता ताशी चाळीसने उतरलात. सरासरी वेग किती? पटकन उत्तर येतं पंचवीस. पण चढायला लागला एक तास, उतरायला पंधरा मिनिटं. वीस किलोमीटर, सवा तास. सरासरी निघते सोळा. चढावर गेलेला वेळ उतार कधीच भरून देत नाही.

आता तुमची नजर रोज त्या सरासरीवर असेल, तर काय होईल? माझ्या बाबतीत काय झालं ते सांगतो. मी चढ टाळायला लागलो. ठरवून नाही. 'आज वेळ कमी आहे', 'आज पाय जड आहेत', असं म्हणत म्हणत माझी सायकल सपाट, रुंद, कंटाळवाण्या रस्त्यावर गेली, कारण तिथे सरासरी सव्वीस येत होती. ज्या चढाने मला सायकल आवडायला लावली, तो चढ एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत माझ्या नकाशावर एकदाही आला नाही.

वाऱ्याचंही तसंच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि त्याला भेदायला लागणारी ताकद घनाने. म्हणजे वेग फक्त दहा टक्क्यांनी वाढवायचा, तर नुसत्या हवेसाठी जवळजवळ एकतृतीयांश ताकद जास्त लावावी लागते. समोरून ताशी दहाचा वारा असेल आणि तुम्ही वीसने चालवत असाल, तर अंगावर वारा येतो तिसाचा. अशा दिवशी छाती फुटेस्तोवर पॅडल मारूनही सरासरी येते अठरा. पायांनी कमाल केलेली असते आणि स्क्रीन म्हणते, आज कमी पडलात. वारा त्या आकड्यात कुठेच नसतो. मी किती वेळा अशा राइडवरून खट्टू होऊन परतलोय! त्या खरं तर माझ्या सगळ्यांत चांगल्या राइड होत्या.

आणि आकडाही किती पक्का? फोन उपग्रहांवरून आपली जागा ठरवतो, ठरावीक अंतराने एक एक ठिपका टाकत जातो, आणि ठिपके जोडून अंतर काढतो. दाट झाडी आली, उंच इमारती आल्या, की ठिपके रस्ता सोडून भलतीकडे पडतात. एकाच हँडलवर दोन फोन लावून मी पन्नास किलोमीटर फिरलो आहे. दोघांचे आकडे जुळले नाहीत. त्या रात्री ज्या तीनशे मीटरसाठी मी गल्लीत फेऱ्या मारत होतो, ते तीनशे मीटर कदाचित केव्हाच पार झाले होते.

(संशोधनाच्या प्रसंगाची साधी चित्रं: कागद, रंगीत पेनं, आकार रंगवणारे हात.)

2016 मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या जॉर्डन एटकिन यांचं एक संशोधन प्रसिद्ध झालं. त्यांनी काही लोकांना चित्रातले आकार रंगवायला दिले. काहींना आपण किती आकार रंगवले ते कळत होतं, काहींना नाही. ज्यांना कळत होतं त्यांनी जास्त रंगवले, आणि त्यांना मजा कमी आली. चालण्याचंही तेच दिसलं, वाचण्याचंही. मोजणी सुरू झाली की काम वाढतं, पण जे आवडीने करत होतो ते कामासारखं वाटायला लागतं. आणि मग ते पुढे करत राहण्याची ओढही ओसरते.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प होतो. मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकतंय, माझी हौस आटली. हौस आटली नव्हती. मी तिच्या डोक्यावर मुकादम आणून बसवला होता.

या संशोधनातली आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. जिथे माणूस ती गोष्ट मुळात उपयोगासाठीच करत होता, तिथे मोजण्याने आनंदाचं नुकसान तितकं झालं नाही. म्हणून या फिल्मसाठी मी एका काकांना भेटलो. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर ते पुन्हा सायकल चालवायला लागले आहेत. छातीला पट्टा, मनगटावर घड्याळ. डॉक्टरांनी ठोक्यांची एक मर्यादा घालून दिली आहे, ती ओलांडली की घड्याळ थरथरतं आणि काका पॅडल हलकं करतात.

मी विचारलं, "काका, सारखं त्या आकड्याकडे बघून कंटाळा नाही येत?"

ते म्हणाले, "अरे, ऑपरेशननंतर मला जिना चढायची भीती वाटायची. छातीत जरा धडधडलं की वाटायचं, आता संपलं. हे घड्याळ म्हणतं, एकशे बारा, चालू दे. मग मी चालू देतो."

त्यांच्या मनगटावरचा तो आकडा म्हणजे कुणीतरी शेजारून चालावं तसा सोबती आहे. तो काढून टाका असं मी त्यांना कधीही सांगणार नाही. रोज कामावर सायकलने जाणाऱ्यालाही नाही, स्पर्धेची तयारी करणारीलाही नाही. त्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि आकडा त्याचं उत्तर देतो.

माझा प्रश्न साधा होता. दमून, ताजातवाना होऊन घरी यायचो आणि कुणीतरी विचारायचं, "कशी झाली राइड?" पूर्वी मी सांगायचो. "अरे, काय वारा होता आज!" किंवा "फाट्यापाशी धुकं उतरलं होतं, पुढचं चाकसुद्धा धड दिसेना." नंतर नंतर मी फोन काढून दाखवायला लागलो. आणि त्याच्याही पुढे, मला स्वतःलाच राइड कशी झाली ते फोन बघितल्याशिवाय ठरवता येईना. छान वाटलं होतं, पण आकडा वाईट निघाला, म्हणजे राइड वाईट. हा निवाडा माझा होता. तो मी कधी हातचा घालवला, मला कळलंच नाही.

(चढाचा रस्ता. श्वासाचा आवाज. दुसरा कुठलाच आवाज नाही.)

स्वीडनच्या गुन्नार बोर्ग या मानसशास्त्रज्ञांनी श्रम मोजायची एक मोजपट्टी तयार केली. तिला यंत्र लागत नाही. आपल्याला किती जड जातंय, याला माणसानेच सहा ते वीसमधला आकडा द्यायचा. सहा म्हणजे काहीच नाही, तेरा म्हणजे थोडं जड, वीस म्हणजे याच्यापुढे शक्यच नाही. सहापासून का? तर निरोगी तरुण माणसाने दिलेल्या आकड्याला दहाने गुणलं, की साधारण त्याचे हृदयाचे ठोके निघतात. सहा म्हणजे साठ, तेरा म्हणजे एकशे तीस. डॉक्टर आणि प्रशिक्षक आजही ही पट्टी वापरतात. आपल्या आतही एक मीटर आहे, आणि तो चांगल्यापैकी बरोबर चालतो, हे कळल्यावर मला केवढा धीर आला!

मग मी फोन हँडलवरून काढला आणि जर्सीच्या मागच्या खिशात टाकला. अ‍ॅप चालू ठेवलं. बंद करून बघितलं होतं, पण मग घरी आल्यावर रुखरुख लागायची, ती राइडमध्येही मागे मागे यायची. खिशातला फोन दिसत नाही आणि रुखरुखही लागत नाही. पहिले आठ-दहा दिवस अंगठा सवयीने हँडलवर जायचा, जिथे स्क्रीन असायची तिथे. रिकाम्या क्लॅम्पला लागायचा आणि परत यायचा.

एक नियम मात्र मी कसोशीने पाळतो. परत आल्यावर आकडे बघायच्या आधी राइडचं नाव लिहायचं. अ‍ॅप आपणहून 'संध्याकाळची राइड' असं काहीतरी नाव देतं, ते पुसून माझं लिहायचं. मागच्या महिन्यातली काही नावं:

'समोरून वारा, जाताना आणि येतानाही. दम 16.'

'चेन दोनदा पडली. हात काळे. मजा आली.'

'काही नाही, नुसतं फिरलो.'

आणि चढ? चढावर मी परत जायला लागलो आहे. अजून पंधरा मिनिटं लागतात, कधी सोळा.

(नदीवरचा पूल. कठड्याला टेकवलेली सायकल. चाक अजून हळूहळू फिरतंय.)

या पुलावरून एक सेगमेंट जातो. सेगमेंटचं घड्याळ आपण थांबलो तरी थांबत नाही, म्हणून गेली तीन वर्षं मी या पुलावर कधी पाय टेकला नव्हता. मान खाली घालून सपाट्याने निघून जायचो. पुलाखालच्या तारेवर एक खंड्या बसतो, हे मला अलीकडे कळलं.

आत्ता तो तिथेच आहे. निळी पाठ, चोच खाली. मघाशी एकदा सूर मारून रिकामाच परत आला. पाठीच्या खिशात घड्याळ चालू आहे, चार मिनिटं झाली असतील, कदाचित सहा. तो मान जराशी वाकडी करतो, पाण्याकडे बघतो.

थांबा. तो पुन्हा झेपावतोय.