वाहाकातली देण्याघेण्याची वही

(दृश्य: पावसाने ओली झालेली दरी, मक्याची कोवळी शेतं, मागे डोंगर)

दक्षिण मेक्सिकोतलं वाहाका राज्य. जून-जुलै हे इथले पावसाचे महिने. उत्तरेकडच्या विद्यापीठांना मात्र तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते, आणि मानववंशशास्त्राचे विद्यार्थी या दिवसांत वाहाका शहरात उतरतात. चार-सहा आठवडे स्थानिक कुटुंबात राहायचं, सकाळी वर्गात बसायचं, मग बाजार, गावं, उत्खननाच्या जागा. अभ्यासाचा विषय आहे इथल्या मूळ रहिवाशांचा वारसा. सरकारदरबारी मान्यता असलेले १६ मूळ समाज या राज्यात आहेत. ५७० नगरपालिकांपैकी चारशेहून अधिक ठिकाणी कारभारी पक्षाच्या तिकिटावर निवडून येत नाहीत, गावसभा आपल्या रिवाजाप्रमाणे त्यांना नेमते.

(दृश्य: माँते आल्बानचा मोठा चौक)

पहिल्या आठवड्यात सगळ्यांना माँते आल्बानला नेतात. दरीपासून सुमारे ४०० मीटर उंचावर, डोंगरमाथा सपाट करून झापोतेक या इथल्या मूळ समाजाने इसवी सनापूर्वी ५०० च्या सुमारास हे शहर वसवलं. १९३२ साली पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासो यांनी इथली सातव्या क्रमांकाची कबर उघडली. बांधलेली झापोतेकांनी, पुढे मिश्तेक या दुसऱ्या मूळ समाजाने आपल्या मृतांसाठी वापरलेली. आत सोनं, जेड, पिरोजे, कोरीव हाडं. तो ऐवज आता शहरातल्या सांतो दोमिंगोच्या जुन्या मठात, संग्रहालयाच्या काचेआड आहे. डोळे भरून पाहावा असाच आहे. पण वारसा म्हणजे एवढंच, असं समजून कुणी परत गेलं, तर त्याची सगळी सुट्टी वाया गेली असं आम्हाला वाटतं.

(दृश्य: सांता आना देल व्हाये, गावचा चौक)

शहराच्या पूर्वेला विणकरांचं हे छोटं गाव. १९८५ साली गावकरी आपला चौक दुरुस्त करत असताना जमिनीखाली जुनी कबर लागली. अशा वस्तूंची वाट राजधानीकडे जाते, हे गावाला ठाऊक होतं. सभा भरली. वस्तू गावातच राहतील आणि त्यांच्यासाठी आपण संग्रहालय उभारू, असं ठरलं. १९८६ मध्ये शान-दानी संग्रहालय सुरू झालं, राज्यातलं पहिलं सामुदायिक संग्रहालय. पुरातत्त्वाच्या वस्तूंशेजारी इथे विणकाम आहे, गावाने सोसलेली मेक्सिकन क्रांती आहे, पिसांच्या मुकुटाचा नाच आहे. कारभार पाहणारी समिती सभा नेमते. ती नोकरी नव्हे, गावाची सेवा म्हणून करायची. पुढे इतर गावांनीही संग्रहालयं काढली आणि १९९१ मध्ये त्यांचा संघ झाला.

(दृश्य: तेओतित्लान देल व्हाये, घराचं अंगण, रंगाच्या कढया)

शेजारच्या तेओतित्लानमध्ये अंगणात दगडी पाट्यावर करडे दाणे वाटले जातात. हे कोचिनीलचे वाळलेले किडे. फड्या निवडुंगावर वाढतात. वाटले की गडद लाल भुकटी होते. रंगवणारी बाई चिमूटभर भुकटी तळहातावर ओली करते आणि लिंबू पिळते. लाल रंग नारिंगी होतो. चिमूटभर सोडा पडला की तोच जांभळ्याकडे वळतो. स्पॅनिश राजवटीत इथून जाणाऱ्या मालात किमतीने चांदीच्या खालोखाल हाच रंग होता. मेंढ्या आणि पायाने चालवायचा माग स्पॅनिशांनी १६व्या शतकात आणले. रंग इथला, आणि नक्षी जवळच्या मित्ला या प्राचीन स्थळाच्या दगडी भिंतींवरून गालिच्यावर उतरलेली. यातलं ‘अस्सल’ काय, असं विचारत बसणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही सांगू, आधी तासभर मागाजवळ बस.

(दृश्य: जुलैतला सोमवार, टेकडीवरचं मोठं प्रेक्षागृह, नाचणारे गट)

जुलैत शहरात गेलागेत्साचा मोठा उत्सव होतो. गावोगावचे नाच, फुलं, हजारो पर्यटक. गावातली गेलागेत्सा, म्हणजे एकमेकांच्या कार्याला केलेलं देणंघेणं, मात्र घरात, एका वहीत असते. लग्न असो की संताचा उत्सव, एकाच घराला एवढा खर्च पेलत नाही. मग नातलग टर्की आणतात, मक्याच्या पोळ्या, कोको, मेस्काल ही इथली दारू आणतात. कुणी काय आणलं, टर्की वजनाने किती भरली, हे वहीत उतरतं. आपल्याकडच्या आहेराच्या वहीसारखंच. देणाऱ्याच्या घरी कार्य निघालं की तेवढंच परत जातं, मग मध्ये कितीही वर्षं गेलेली असोत. देणं फिटायच्या आत माणूस गेला तर मुलं फेडतात. अशी एखादी वही नीट वाचली, तर नाती, सोयरीक, रुसवे, पडलेला दुष्काळ, अमेरिकेत गेलेल्या मुलांचे पैसे, सगळं हाताला लागतं.

म्हणूनच ती वही कुणी कुणाला सहज दाखवू नये. घरातल्यांची परवानगी हवी, आणि गावात अभ्यास करायचा तर आधी गावच्या कारभाऱ्यांपुढे उभं राहून काय करणार, कशासाठी, ते सांगायला हवं. चार आठवड्यांच्या पाहुण्यालाही यातून सूट नसावी. लिहिलेल्या अभ्यासाची प्रत स्पॅनिशमध्ये गावच्या संग्रहालयात पोचलीच पाहिजे. नाहीतर कबरीतल्या वस्तू राहिल्या गावात आणि माणसांबद्दलची माहिती गेली बाहेर, असं होईल.

(दृश्य: स्वयंपाकघर, चुलीवरचा तवा, आजीबाई आणि दोन विद्यार्थी)

जाणाऱ्यांनी स्पॅनिश पक्की करून जावं, पण तेवढ्याने भागत नाही. झापोतेकच्या बोली अनेक, एका भागातली दुसऱ्या भागात कळेलच असं नाही, आणि वयस्क बायका घरात झापोतेकच बोलतात. मग दुभाषी म्हणून घरातलंच कुणी तरुण मधे बसतं, आपलं मागावरचं काम बाजूला ठेवून. त्या तासांची मजुरी अभ्यासक्रमाच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरलेली असावी, हा आमचा आग्रह आहे.