घरोघरी एक नगरपालिका

श्रोतेहो, नमस्कार.

परदेशात गेलेल्या मुलाचा किंवा भाचीचा फोन आला की आपण आधी पगार विचारतो. मग त्याचे रुपये करतो, आकडा ऐकून गप्प होतो आणि श्रीमंत देशाची गोष्ट तिथेच संपते. आज मला दुसराच प्रश्न विचारायचा आहे. तिथल्या माणसाचा दिवसातला किती वेळ आणि डोक्यातली किती जागा पाण्यात, विजेत, दवाखान्याच्या काळजीत जाते? आणि आपली किती जाते?

आपल्या खानदेशातल्या कुठल्याही मध्यम शहरातला एप्रिल महिना घ्या. तापी, गिरणा, पांझरा, वाघूर अशा नद्या आपल्या नकाशावर आहेत. तरीही उन्हाळ्यात कित्येक वस्त्यांना आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी मिळतं. ते कधी सुटेल हे वॉलमनला माहीत असतं, म्हणून त्याचा नंबर गल्लीतल्या प्रत्येक बाईकडे असतो. पाणी येणार त्या दिवशी घरातल्या एकाला थांबावंच लागतं. कुणाची लग्नाला निघण्याची वेळ टळते, कुणाची मजुरी बुडते. पहाटे तीनला पाणी सुटलं तर पहाटे तीनला अख्खी गल्ली जागी.

ज्याच्याकडे पैसा आहे तो काय करतो? अंगणाखाली हौद बांधतो. नळाला मोटार लावतो. गच्चीवर दोन टाक्या चढवतो, दारात बोअर घेतो, स्वयंपाकघरात आरओ बसवतो आणि आरओ बंद पडला की जार मागवतो. लाइट जाते म्हणून इन्व्हर्टर घेतो. म्हणजे पाणी साठवणं, चढवणं, शुद्ध करणं, वीज राखून ठेवणं, ही सगळी कामं त्या एका घरानं स्वतःवर घेतली. प्रत्येक बंगला आपापली छोटी नगरपालिका चालवतो आणि त्याचा सगळा खर्च एकटा भरतो. शेजारच्या पत्र्याच्या घरात ही नगरपालिका चार निळ्या ड्रमांची असते आणि ती चालवणारी बहुधा त्या घरातली माउलीच असते.

आता जर्मनीतला किंवा नेदरलँडमधला साधा बसचालक बघा. त्याचा फ्लॅट आपल्या बंगल्याच्या निम्माही नसेल. त्याच्या घरावर टाकी नाही, जमिनीत हौद नाही, आरओ नाही. तो नळ सोडतो आणि त्याच नळाचं पाणी पितो. नेदरलँडमध्ये तर बहुतेक ठिकाणी घरापर्यंत येणाऱ्या पाण्यात क्लोरीनही ठेवावं लागत नाही, इतकं ते आधीच स्वच्छ केलेलं असतं आणि नळाची जाळी इतकी पक्की असते. त्या बसचालकाला पाण्याचा विचार करावा लागत नाही. माझ्या मते श्रीमंत देशाचं खरं ऐश्वर्य इथे आहे. आपल्याकडचा श्रीमंत माणूस हे ऐश्वर्य विकत घेऊ शकत नाही, कारण ते एका घरापुरतं मिळतच नाही.

यात एक तांत्रिक गोष्ट आहे, ती नीट समजून घेऊ या. दिवसाआड किंवा आठवड्यानं पाणी सोडलं की मधले सगळे दिवस जमिनीतले पाइप रिकामे राहतात. रिकाम्या पाइपला जिथे बारीक चीर असेल, तिथून आजूबाजूच्या गटारीचं पाणी आत ओढलं जातं. आपण नळाला मोटार लावली की ही ओढ आणखी वाढते. चोवीस तास दाबाखाली असलेल्या पाइपमधून पाणी बाहेर गळेल, पण घाण सहसा आत येणार नाही. म्हणजे आपण पाणी शुद्धीकरण केंद्रात स्वच्छ करतो आणि वाटेत घाण करून घरी आणतो. वर पुन्हा पाणी आलं की मागच्या वेळचं उरलेलं पाणी शिळं म्हणून आपण ओतून देतो, ते वेगळंच. तुटपुंजं पाणी वाचवायला जो पुरवठा तोडून तोडून केला, त्यातूनच पाणी वायाही जातं आणि पोटाचे आजारही येतात.

कुणी म्हणेल, अहो, ते देश श्रीमंत, त्यांना परवडतं. हे मी पुष्कळदा ऐकलं आहे आणि मला ते पटत नाही. इतिहास जरा उलटा चालला आहे. संकट आलं, अडचण होती, तेव्हाच या व्यवस्था उभ्या राहिल्या. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनला खासगी पाणी कंपन्या ठरावीक दिवशी थोडाच वेळ पाणी सोडत आणि लोक ते पिंपात भरून ठेवत. अगदी आपल्यासारखं. १८५४ साली सोहो भागात कॉलऱ्यानं शेकडो माणसं गेली. जॉन स्नो या डॉक्टरांनी माणसं कुठे मेली त्याचा माग काढत काढत ब्रॉड स्ट्रीटच्या हातपंपाकडे बोट दाखवलं. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली की तिच्या काठच्या संसदेत बसवेना, पडदे चुन्याच्या औषधात भिजवून लावावे लागले. मग भराभर पैसे मंजूर झाले आणि जोसेफ बॅझलगेट या अभियंत्यानं शहराखाली गटारांचं जाळं बांधलं. ते जाळं आजही वापरात आहे.

अमेरिकेतली शेतकरी कुटुंबं घ्या. १९३५ च्या सुमाराला तिथल्या दहा शेतांपैकी जेमतेम एका शेतावर वीज होती. बायका विहिरीतून पाणी शेंदत होत्या, लाकडं पेटवून कपडे उकळत होत्या. महामंदीचे दिवस होते, बँका बुडालेल्या होत्या. खासगी वीज कंपन्या म्हणत, खेड्यात तारा ओढणं परवडत नाही. अशा काळात १९३६ साली ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा झाला. सरकारनं कर्ज दिलं आणि शेतकऱ्यांनी वीज सहकारी संस्था काढून स्वतः तारा ओढल्या. सहकार म्हणजे काय हे खानदेशाला सांगायला नको.

तिसरं उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ५ जुलै १९४८ ला ब्रिटननं सर्वांसाठी मोफत आरोग्य सेवा सुरू केली. त्या दिवशी तिथे पावावरसुद्धा रेशन होतं. युद्धानं देश कर्जात बुडाला होता. तरीही शस्त्रक्रियेसाठी कुणाला घर विकायला लागू नये, असं त्यांनी ठरवलं. आपल्याकडे २०२१-२२ च्या सरकारी हिशोबानुसार आरोग्यावरच्या एकूण खर्चातले ३९.४ टक्के लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. २०१३-१४ मध्ये हाच आकडा ६४.२ टक्के होता, म्हणजे सुधारणा झाली आहे आणि ती मान्य करायला हवी. पण खिशातून म्हणजे कुठून? बागेतली केळी विकून, गाय विकून, बायकोचे दागिने गहाण टाकून. एका घरातलं एक आजारपण मागच्या दहा वर्षांची कमाई घेऊन जातं, हे आपल्यातल्या प्रत्येकानं नात्यात कुठे ना कुठे पाहिलं आहे.

श्रीमंत देशात सगळं आलबेल आहे, असं मी म्हणत नाही. अमेरिकेतल्याच फ्लिंट शहरात २०१४ साली पैसे वाचवण्यासाठी पाण्याचा स्रोत बदलला, नव्या पाण्यामुळे जुन्या पाइपातलं शिसं सुटलं आणि ते लेकरांच्या पोटात गेलं. तिथली वस्ती गरीब होती, तिच्या तक्रारी फार उशिरा ऐकल्या गेल्या. ब्रिटननं २०१८ मध्ये आणि जपाननं २०२१ मध्ये एकाकीपणाचा प्रश्न एका मंत्र्याकडे सोपवला. आपल्याकडे संध्याकाळी ओट्यावर बसलं की चार माणसं बोलायला येतात. ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती जपायलाच हवी. पण ओट्यावरच्या गप्पांचं कौतुक करून नळाचा प्रश्न सुटत नाही. ओटा आणि नळ दोन्ही मागायला काय हरकत आहे?

एक गोष्ट परदेशातून आलेली आपली मुलं हमखास सांगतात. तिकडे भांडीवाली मिळत नाही, इस्त्रीवाला नाही, प्लंबर बोलावला तर घाम फुटावा असं बिल येतं. इंजिनियर असो, प्राध्यापक असो, आपली भांडी आपण घासतो आणि कचरा स्वतः वेगळा करून खाली नेतो. त्या अर्थानं आपल्या मध्यमवर्गाचं जगणं तिकडच्यापेक्षा आरामाचं आहे. हा आराम येतो कुठून, ते मात्र बोललं पाहिजे. सकाळी आपल्याकडे येणारी मावशी चार घरची भांडी करून अकराला घरी जाते. तोवर तिच्या वस्तीतला नळ येऊन गेलेला असतो. आपला वाचलेला वेळ तिच्याकडून आलेला आहे. तिकडे झाडूवाला आणि डॉक्टर एकाच बसमध्ये असतात, दोघांच्या घरी एकाच जाळ्याचं पाणी येतं. पगारात फरक असतो, पण नळात नसतो.

बायकांच्या वेळेचा हिशोब तर सरकारनंच केला आहे. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं की घरकाम करणाऱ्या बाईची रोजची २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७. बाईचे हे जवळजवळ पाच तास झाले. यातला काही भाग घरच्या पुरुषांनी वाटून घ्यायचा आहे, त्याला कुठल्या योजनेची वाट पाहायला नको. पाणी भरण्यात, गाळण्यात, साठवण्यात, चूल पेटवण्यातही बायकांचा बराच वेळ जातो. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर डोंगर उतरून झऱ्यावर जाणाऱ्या पोरींच्या शाळेची वेळसुद्धा यातूनच कापली जाते.

आणि रात्री? शेतीच्या पंपाला थ्री-फेज वीज दिवसातले काही तासच, आणि कधी त्याची पाळी रात्री येते. केळीला, कपाशीला पाणी द्यायला शेतकरी बॅटरी घेऊन साप-बिबट्याच्या रानात उतरतो. जगातली सर्वांत जास्त केळी पिकवणारा देश आपला आहे आणि ती पिकवणाऱ्याला झोपेची वेळ ठरवता येत नाही. हे मला अतिशय लागतं.

सामायिक व्यवस्था आपल्या रक्तात नाही, असं म्हणणाऱ्यांनी साक्रीकडे पांझरेच्या काठी जावं. तिथल्या फड पद्धतीला तीनशेहून अधिक वर्षं झाली असं मानतात. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी द्यायचं काम शेतमालकाचं नाही, गावानं नेमलेल्या पाटकऱ्याचं. पाणी कमी असेल त्या साली एखादा अख्खा फडच बंद ठेवायचा, म्हणजे तोटा सगळ्यांनी मिळून सोसायचा. जर्मनीत जे पाहून आपण थक्क होतो, त्याचं मूळ तत्त्व आपल्या आजोबा-पणजोबांनी इथे चालवून दाखवलं होतं.

आजच्या काळातलं उदाहरण हवं असेल तर कराडजवळचं मलकापूर बघा. आपल्या शेजारचं बुलढाण्याचं मलकापूर नव्हे, साताऱ्यातलं. या छोट्या गावानं मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलं. मीटर म्हटलं की आपल्याकडे मोर्चा निघतो, पण जास्त वापरणाऱ्याला जास्त दर लावला की गरिबाचं बिल आटोक्यात राहतं. ओडिशातल्या पुरी शहरात जुलै २०२१ पासून नळाचं पाणी थेट पिता येतं, आणि पुरी काही श्रीमंत शहर नाही.

आपल्या खेड्यांत जलजीवन मिशनच्या तोट्या बऱ्याच ठिकाणी बसल्या आहेत. १५ ऑगस्ट २०१९ ला ही योजना जाहीर झाली तेव्हा देशातल्या ग्रामीण घरांपैकी सुमारे १७ टक्के घरांत नळ होता; त्यानंतर तो कितीतरी पटीनं वाढला. माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचं, असं या योजनेत लिहिलेलं आहे. तोटी बसली म्हणजे पाणी आलं असं नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून येत्या १ मेच्या ग्रामसभेला मायबहिणींनी जरूर जावं. गावच्या पाणी समितीत निम्म्या जागा बायकांच्या असायला हव्यात, त्या कोण आहेत ते विचारावं. पाणी तपासायचं किट गावात आलं आहे का, ते वापरायला शिकवलेल्या पाच बायका कोणत्या, शेवटची तपासणी कधी झाली आणि तिचा निकाल कुठे लावला आहे, तेही विचारावं. उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यावीत आणि १५ ऑगस्टच्या सभेत तेच पान पुन्हा उघडायला लावावं. नमस्कार.