एवढीशी तर उंची!

घडीच्या शिडीची ही तिसरी पायरी. छतातली ट्यूब बदलायची, पाच मिनिटांचं काम. चढलेल्या कामगाराच्या डोक्यावर हेल्मेट नाही. एवढ्याशा उंचीला कसलं हेल्मेट, असं तो स्वतःच नव्हे, त्याचा सुपरवायझरही म्हणेल.

ट्यूब हाताला लागत नाही म्हणून तो बाजूला झुकतो आणि शिडी कलंडते. हेच आता सावकाश पाहू. एक मीटरवरून जमिनीवर यायला साधारण 0.45 सेकंद लागतात. त्यातला निम्मा वेळ तर आपण पडतोय हे कळून हातपाय हलेपर्यंतच जातो. आदळतानाचा वेग ताशी सुमारे 16 किलोमीटर. दोन मीटरवरून 22च्या पुढे.

हात टेकला तर मनगट मोडतं. टाचांवर आपटला तर टाचेचं हाड पिचतं आणि तोच दणका कमरेच्या मणक्यापर्यंत पोहोचतो. म्हणून अशा वेळी डॉक्टर मणकाही तपासतात. डोकं आपटलं, तर कवटीच्या आत रक्त हळूहळू साचू शकतं. माणूस उठतो, 'काही झालं नाही' म्हणतो, राहिलेलं काम उरकतो. उलट्या सुरू होतात काही तासांनी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर धोका आणखी मोठा.

मग सेफ्टी बेल्ट लावावा का? बेल्टची नेहमीची दोरी ताणून, धक्का शोषणारी पट्टी उलगडून माणूस थांबायला बऱ्याचदा पाचेक मीटर मोकळी जागा लागते. इथे तो त्याआधीच जमिनीवर!

ब्रिटनमध्ये 'दोन मीटरच्या वर' ही जुनी अट 2005च्या नियमांनी काढून टाकली. पडून इजा होऊ शकते, ती प्रत्येक उंची आता नियमात बसते. जपानमध्ये ट्रकवर चढ-उताराची सोय पूर्वी पाच टन माल नेणाऱ्या ट्रकपासून पुढे सक्तीची होती. 2023मध्ये ती मर्यादा दोन टनांवर आली.

ट्रकचा हौदा तसा मीटरभरच उंच. पण कडेशी पाठ करून हमाल माल बांधायचा पट्टा ओढत असतो, तो एकदम सुटतो किंवा तुटतो, आणि माणूस उलटा खाली जातो. शिडीपेक्षा हे वाईट, कारण जमीन त्याला दिसतच नाही.

यावर महागडी उपकरणं लागतात असंही नाही. शिडी दोन पावलं सरकवून कामाच्या समोर लावायची, पट्टा खाली जमिनीवर उभं राहून ओढायचा. रोजचंच काम असेल तर कठडा असलेलं चाकाचं व्यासपीठ आणायचं, आणि चढण्याआधी त्याची चाकं लॉक करायची.