आधी कुठली आळी? चिपळूणच्या पुनर्उभारणीचा क्रम

(दृश्य: बाजारपेठेतलं जुनं दुकान, भिंतीवर पुराच्या खुणा)

चिपळूणच्या बाजारपेठेत कुणालाही विचारा. 26 जुलै 2005 चं पाणी कुठवर आलं होतं ते दुकानदार भिंतीवर बोट ठेवून दाखवतात, आणि मग तेच बोट आणखी वर सरकतं. ती खूण 22 जुलै 2021 ची. पोटमाळ्यावर चढवलेला मालसुद्धा हाती लागत नाही, हे त्या दिवशी अनेकांनी पाहिलं.

पूर ओसरला की शहर पुन्हा उभं करायचं असतं, आणि पैसा सगळीकडे एकदम पुरत नाही. मग आधी कुठला वॉर्ड, कुठली आळी? हा क्रम कोण लावतं आणि कशावरून लावतं, ते बघूया.

(दृश्य: वाशिष्ठी नदी, भरतीची वेळ)

त्याआधी पाण्याची वाट समजून घ्यायला हवी. सह्याद्रीवर पडलेला पाऊस वाशिष्ठीतून खाली येतो. कोयनेच्या वीजनिर्मितीनंतरचं पाणीही कोळकेवाडीमार्गे याच नदीत सोडलं जातं. खालून दाभोळच्या खाडीतून भरती चढत येते. या दोन्हींची वेळ जुळली, की शहराच्या मधून वाहणाऱ्या शिवनदीला वाशिष्ठीत शिरायला जागाच राहत नाही. तिचं पाणी मागे फिरतं आणि गटारांतून, पऱ्ह्यांतून म्हणजे लहान ओढ्यांतून बाजारपेठ, पेठमाप, मुरादपूर, शंकरवाडी अशा सखल भागांत पसरतं.

आता नगरपरिषदेच्या तिजोरीकडे वळूया. स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा वाटा पगार, दिवाबत्ती, साफसफाई आणि पाणीपुरवठा यांतच जातो. विकासकामांचा पैसा बहुतेक वरून येतो, आणि येतानाच त्याच्या कपाळावर योजनेचं नाव लिहिलेलं असतं. नगरोत्थान, वस्ती सुधारणा, वैशिष्ट्यपूर्ण कामं. 15 व्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 च्या अनुदानातली 60 टक्के रक्कम तर पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच बांधलेली होती. म्हणजे ज्या गल्लीचं काम एखाद्या योजनेच्या निकषात बसतं, तिचा नंबर आधी लागतो. त्यातही प्रस्ताव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा असा कागदाचा लांब प्रवास असतो. ज्या भागाचा नगरसेवक हा कागद मुख्याधिकाऱ्यांच्या दालनापासून जिल्हा नियोजन समितीपर्यंत चिकाटीने पुढे ढकलत राहतो, तिथला रस्ता आधी होतो. यात कुणाचा वाईट हेतू असतोच असं नाही. पण अशा क्रमात नदीला कुठेच जागा नसते.

(दृश्य: अरुंद आळी, गटारावरची उचललेली फरशी)

अशा सखल आळीत थोडं थांबूया. गटार हातभर रुंद, वर फरशा. एक फरशी उचलली की आत आडवी गेलेली पाण्याची पाइपलाइन दिसते, तिला अडकलेल्या पिशव्या दिसतात, आणि तळाशी पुराने आणून टाकलेला बारीक, चिकट गाळ. वरचा रस्ता मात्र गुळगुळीत. डांबरावर डांबर, त्यावर पेव्हर ब्लॉक. प्रत्येक थरागणिक रस्ता उंच होत गेला आणि घरांचे उंबरे खाली राहिले. आता पूर यायलाही नको, आषाढातली एक जोराची सर पुरते. कागदोपत्री या आळीचा विकास झालेला आहे. इथल्या बायका पावसाळ्यात धान्याचे डबे वर चढवून ठेवतात, त्याची नोंद कुठल्याच रकान्यात नाही.

दुसरा पेच पूररेषेचा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर पोचतं ते दाखवणाऱ्या नकाशावरच्या रेषांचा. नदीजवळची निळी, तिच्या पलीकडची लाल. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम निषिद्ध, निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध. 2021 नंतर जलसंपदा विभागाने चिपळुणात या रेषा आखल्या तेव्हा शहरातून जोरदार हरकती आल्या, कारण बाजारपेठेसह जुन्या वस्तीचा मोठा भाग त्यांच्यात सापडतो. पिढ्यान्‌पिढ्यांचं घर मोडकळीला आलं तर ते नव्याने बांधायचं की नाही, याचं उत्तर न मिळता माणसं बसून राहतात. रेषा हवीच, नदीला तिची जागा मिळायलाच हवी. पण रेषेच्या आतल्या माणसांसाठी वेगळी योजना आणि वेगळा निधी नसेल, तर ज्या वस्तीला सर्वांत आधी हात लावायला हवा, तीच यादीतून गळते.

मग लोकांनी बोलायचं कुठे? विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. प्रभाग समित्यांची घटनात्मक सक्ती 3 लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांनाच आहे. 2011 च्या जनगणनेत चिपळूण 55 हजारांच्या आसपास होतं. त्यात 2021 च्या अखेरीस नगरपरिषदेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक थेट 2025 च्या डिसेंबरात झाली. पुरानंतरची जवळजवळ चार वर्षं, म्हणजे क्रम ठरवण्याचीच वर्षं, कारभार प्रशासकाच्या हाती होता.

तरी चिपळूणकर गप्प बसले नाहीत. चिपळूण बचाव समितीने 2021 च्या डिसेंबरात साखळी उपोषण केलं. मुख्य मागणी, आधी नदीतला गाळ काढा. पुढे वाशिष्ठी आणि शिवनदीत यंत्रं उतरली, नाम फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेनेही हातभार लावला. सगळ्या शहराने मिळून सांगितलेला हा पहिला क्रम होता आणि तो बरोबर होता.

(दृश्य: शिवनदीत गाळ काढणारं पोकलेन)

त्याच्या पुढचा क्रमही पाण्याच्याच वाटेने लावावा, असं आम्हाला मनापासून वाटतं. काम गटाराच्या तोंडाकडून सुरू व्हावं आणि वर सरकत जावं. चढावरच्या वसाहतीतली गटारं आधी मोठी केली, तर तिथलं पाणी खालच्या आळीत दुप्पट घाईने पोचतं. म्हणजे एका वॉर्डाचा विकास दुसऱ्या वॉर्डाच्या अंगणात जाऊन साचतो. पाणी कुठे किती तास थांबतं, कुणाकडे चढायला दुसरा मजला नाही, म्हातारी माणसं कुठे एकटी राहतात, हे निकष घरपट्टीच्या वसुलीइतकेच मोजता येतात. आणि काही गोष्टी वसुलीत मोजूच नयेत. 1864 पासून चालत आलेलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर दोन्ही पुरांत भिजलं. ते नगरपरिषदेला किती उत्पन्न देतं, असं कुणी विचारणार आहे का?

नव्या सभागृहाने अंदाजपत्रक मांडताना कामांच्या यादीसोबत आणखी एक पान जोडावं: कुठली आळी कितव्या नंबरावर आणि कुठल्या कारणाने. ते पान नगरपरिषदेच्या दारात, मराठीत, सगळ्यांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत लावावं, आणि पावसाळा सुरू व्हायच्या आत लावावं.