वर्तुळं, बाण आणि दोन रेघा

(संध्याकाळ. गाड्यांचे दिवे.)

सहा वाजून दहा मिनिटं. कॅलिफोर्नियातल्या या कम्युनिटी कॉलेजचं पार्किंग आत्ता भरू लागतं. कुणी गोदामातली पाळी संपवून आलंय, कुणी पोराला शेजारणीकडे सोडून. एकाच्या अंगावर अजून दुकानाचा एप्रन आहे. आजचा तास: सिस्टिम्स ॲनालिसिस. म्हणजे एखादं काम कॉम्प्युटरवर चढवण्याआधी ते पायरी-पायरीनं उलगडून पाहणं.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे अमेरिकेतलं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. कटऑफची भानगड नाही. यांतलं सगळ्यात जुनं सरकारी कॉलेज इलिनॉयमधलं, जॉलिएटचं. 1901 साली सहा विद्यार्थ्यांवर सुरू झालेलं. अभ्यास इथं युनिटांत मोजतात. कॅलिफोर्नियात राज्याच्या रहिवाशाला एका युनिटचे 46 डॉलर पडतात. तीन युनिटांचा कोर्स 138 डॉलरांत. कधीकधी पुस्तकच त्याहून महाग!

मागच्या बाकावर बसलीय ती कोल्हापूरची. बी.कॉम., मग लग्न, मग एच-फोर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा. या व्हिसावर शिकता येतं. नोकरीची वाट 2015 मध्ये उघडली, पण जोडीदाराचं ग्रीन कार्ड एका टप्प्यापर्यंत सरकलेलं असेल तरच. तिच्या घरी ते अजून सरकलेलं नाही.

"मला वाटलं, पहिल्याच दिवशी कोडिंग," ती हसते. "इथं तर पेन्सिल काढायला लावली."

(कागद जवळून.)

डेटा फ्लो डायग्रॅम, म्हणजे माहिती कुठून कुठे जाते त्याचं चित्र. गोल म्हणजे काम. बाण म्हणजे माहितीची ये-जा. दोन आडव्या रेघा म्हणजे माहितीचा साठा: फाइल, रजिस्टर, काहीही. गोलात बाण शिरले आणि बाहेर काहीच पडलं नाही, तर ते ब्लॅक होल. आत काही न जाताच बाहेर पडलं, तर मिरॅकल, चमत्कार. तिच्या पहिल्या चित्रात दोन्ही होते. सरांनी लाल पेनानं एवढंच लिहिलं: ही यादी येते कुठून?

विषय होता कॉलेजची फूड पँट्री, गरजू विद्यार्थ्यांना फुकट शिधा देणारी. ती तिथं जाऊन तासभर उभी राहिली. काउंटरवर कॉम्प्युटर होता. पण विद्यार्थी क्रमांक टाकल्याशिवाय फॉर्म पुढे जात नव्हता, आणि नव्यानं आलेल्यांकडे क्रमांकच नव्हता. म्हणून काउंटरवरची मुलगी त्यांची नावं एका स्पायरल वहीत लिहायची. दर शुक्रवारी ती नावं कुणीतरी हातानं कॉम्प्युटरमध्ये चढवायचं. कधीकधी राहूनही जायचं.

कॉलेजच्या कुठल्याच कागदावर या वहीचा उल्लेख नव्हता.

या कामाचा उगमही असाच चहा-पावाच्या हिशोबात आहे. लंडनची लायन्स ही चहाची दुकानं चालवणारी कंपनी. तिनं स्वतःचा कॉम्प्युटर बांधला, लिओ. 1951 च्या नोव्हेंबरात त्याच्यावर बेकरीच्या मालाचे हिशोब सुरू झाले. यंत्रावर चढवण्याआधी ऑफिसातला हिशोब पायरी-पायरीनं उलगडून ठेवणं, हे डेव्हिड कॅमिनरचं काम. जगातला पहिला सिस्टिम्स ॲनालिस्ट म्हणून पुष्कळदा त्याचंच नाव घेतात. जावईच शोभला असता आपल्याकडे: प्रत्येक गोष्टीत "पण असं का?"

(वर्ग. रात्रीचे नऊ.)

ती खोडरबरानं चमत्कार पुसते. त्या जागी दोन रेघा ओढते. मधे आधी लिहिते "वही". मग तेही खोडून, इंग्रजीत.